रिकाम्या गाडीचा उजेड

आमच्या गाडीचे दिवे अधू झाले तेव्हा मला आठवा महिना लागला होता.

एका दिवसात झाले नाहीत. आंब्याचा हंगाम होता. माझा नवरा कोमेन पहाटे तीनला उठायचा, खोऱ्यातल्या चार-पाच घरांचे आंबे पोत्यांत भरून कड्यावर चढवायचा, वर इतेनच्या फाट्याला व्यापाऱ्याचा ट्रक लागलेला असे तिथं उतरवायचा, की लगेच दुसरी खेप. उन्हात आंबा तापला की वर पोचेपर्यंत मऊ पडतो आणि व्यापारी बोट रुतवून दाखवतो. म्हणून सगळं काम अंधारातलं. संध्याकाळी उरलंसुरलं आटपून तो रिकामी गाडी घेऊन खाली येई, तोवर पुन्हा अंधार.

मी चेबेतला कमरेवर घेऊन दारात उभी राहायची. चेबेत आमची मुलगी, तीन वर्षांची. कड्यावरून दिवे एका वळणावर दिसत, मग डोंगर ते गिळे, मग खालच्या वळणावर पुन्हा दिसत. वाट बघणाऱ्या बाईला नवऱ्याची गाडी दिव्यांवरून ओळखता येते. त्या हंगामात ती मला लवकर ओळखू यायला लागली. बाकीच्या गाड्या डोंगरभर उजेड फेकत येत. आमची मात्र दोन निखारे कुणी चिमट्यात धरून आणावेत तशी येई.

वर पोती उतरवणारी माणसं तिला काजवा म्हणायला लागली होती. 'काजवा आला रे, वाट दाखवा त्याला.' कोमेनने हे मला सांगितलं नाही. शेजारच्या सेलिनाकाकूने सांगितलं, हसत हसत.

माझी भीती वेगळी होती. चेबेतच्या वेळी मी घरीच बाळंत झाले. मूल सुटलं, वार सुटली, पण रक्त थांबेना. कोबिलोआजीने, जिनं आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं जगात आणली तिनं, माझ्या पोटावर अख्खी मूठ दाबून धरली आणि रात्रभर सोडली नाही. दोन चटया जाळाव्या लागल्या. नंतर दवाखान्याच्या बाईने माझ्या कार्डावर लाल शाईत लिहून दिलं की पुढचं बाळंतपण घरी होता कामा नये. कड्यावरच्या इस्पितळातच. ते कार्ड मी धान्याच्या डब्यात ठेवलं होतं आणि डब्याला हात घातला की ते बोटांना लागायचं.

बायका दिवसाउजेडी बाळंत झाल्या असत्या तर कसली चिंता नव्हती.

एका संध्याकाळी कोमेन आला तो सरळ रांजणापाशी गेला आणि किती तरी वेळ हात धूत बसला. मी ताट वाढलं. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, पालेभाजी, वाळक्या भोपळ्यात विरजलेलं आंबट दूध. त्याने घास मोडला आणि तसाच धरून ठेवला. चौथ्या वळणावर शेळ्या बसल्या होत्या, म्हणाला. रात्री डांबर गरम असतं, शेळ्या उबेला येऊन बसतात, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. पण त्याला त्या दिसल्याच नाहीत. ब्रेक लागला तेव्हा पहिल्या शेळीचं नाक बंपरला टेकलं होतं. आणि शेळ्यांच्या मधोमध, त्याच उबेला, त्यांचा राखणदार पाय पसरून झोपलेला.

"झोपेतून उठून त्याने मला विचारलं, कोण आहे," कोमेन म्हणाला. "दिवे चालू होते. तरी विचारलं, कोण आहे."

दुसऱ्या दिवसापासून तो दिव्यांच्या मागं लागला. काचा पिवळ्या पडल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांसारख्या. कुणी म्हणालं दातांच्या पेस्टने घास. त्याने अख्खी ट्यूब घासली, मी ओल्या फडक्याने पुसलं, चेबेतने बोट लावून चाटलं. काचा खरंच उजळल्या. रात्री उजेड थोडा पांढरा पडला, पण लांब काही गेला नाही. मग त्याने एल्डोरेटच्या बाजारातून निळे बल्ब आणले. ते लावून गाडी अंगणात उभी केली तर समोर बघवेना. चेबेत डोळे मिटून ओरडली. सेलिनाकाकू म्हणाली, आता काजव्याचा सूर्य झाला. कोमेन त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवला.

पण संध्याकाळी खाली येताना मी दारातून बघत होते. उजेड निळा होता. लांबी तेवढीच.

त्याच आठवड्यात शाळेच्या मास्तरांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. आमच्या घरावरून, आमच्या दारातल्या गाडीवरून पुढं जाऊन मास्तरांनी मोटारसायकलवाल्याला उठवलं. तिला मध्ये बसवलं, मागून नवऱ्याने धरलं आणि तसं कड्यावर नेलं. मोटारसायकल आमच्या दारावरून गेली तेव्हा कोमेन जागा होता. मीही जागी होते. तो कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला. मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. आपलीही अशीच पाळी आली तर मोटारसायकलवर आपण टिकू का, हे मनात येत होतं आणि ते त्याला कळू नये म्हणून मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

शेवटी त्याने याटोर मेस्त्रीला बोलावलं. याटोर बोलका. सोबत मीटर घेऊन आला, दोन तारांचा. बॅटरीला तारा टेकवल्या, मग दिव्याच्या मागं टेकवल्या आणि कोमेनला काटा दाखवला.

"बॅटरीपाशी बारा व्होल्ट. दिव्यापाशी नऊ. तीन कुठं गेले?"

कोमेन काट्यावर वाकला.

"पाट," याटोर म्हणाला. "वरून भरून सोडतोस आणि तुझ्या शेताला ओल येते फक्त. वाटेत झिरपतंय."

आमच्याकडे कड्यावरून पाट येतात, आजे-पणज्यांनी दगडात बांधलेले. त्यामुळे याटोरचं बोलणं कोमेनला चटकन कळलं. दोघांनी मिळून झिरपण्याची जागा शोधली. दिव्याची एक तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते ती गंजून हिरवी झाली होती. याटोरने ती खरवडली, खाली पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि नवी जाड तार ओढली. निळे बल्ब काढून टाकले. 'हे समोरच्याला दिसतात, तुला नाही,' म्हणाला आणि साधे बसवले. मीटरचा काटा बारापाशी गेला. उजेड खरंच दुप्पट झाला.

तिन्हीसांज झाली होती. त्यांनी गाडी आमच्या भिंतीसमोर दहा पावलांवर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर दोन पिवळी वर्तुळं पडली, उंबऱ्याच्या खाली, जोत्यावर. कोंबड्या होत्या तिथं.

"तेज आहे," कोमेन म्हणाला, "पण पायाशीच का पडतंय?"

याटोरने वाकून पुन्हा तारा चाचपल्या.

मी चहा घेऊन उभी होते. आमच्याकडे पाटाच्या कामात बाईने बोलायचं नसतं. पाटाच्या तोंडाशी बाईने जायचंही नसतं, पाणी आटतं म्हणतात. गाडीचंही हळूहळू तसंच झालं होतं, कुणी ठरवलं नव्हतं तरी. पण मी रोज त्या दारात उभी राहत होते आणि त्या दोघांनी ते दार कधी रात्री आतून बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, सेलिनाकाकूची पोती भरून गाडी इकडं वळते ना, तेव्हा उजेड खिडकीत येतो. चेबेत उठते. वरून रिकामी येते तेव्हा उंबरा ओलांडत नाही.

कोमेन म्हणाला, "आत जा. साखर विसरलीस."

साखर विसरले नव्हते. मी आत गेले. पण खिडकीतून दिसत होतं. याटोर गाडीच्या मागं गेला, डिकी उघडली आणि फळीवर बसला. भिंतीवरची वर्तुळं वीतभर वर सरकली. कोंबड्यांच्या वर, उंबऱ्यावर. तो म्हणाला, "तूही बस." कोमेन जाऊन बसला. उजेड खिडकीच्या चौकटीला लागला आणि माझ्या हातावर पडला.

दोघं जण डिकीत मांडीला मांडी लावून बसलेले. 

कारण याटोरनेच शोधलं आणि सांगताना त्याचा आवाज खाली गेला. आंब्याची पोती लादली की गाडीचं बूड डांबराला घासू नये म्हणून खोऱ्यातले सगळेच मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे घालून घेतात. आमच्या गाडीत दोन वर्षांपूर्वी त्यानेच घातले होते. भरलेली असली की गाडी सपाट. रिकामी झाली की शेळीने शेपूट वर करावी तसं तिचं मागचं अंग वर आणि नाक मातीत. नाक मातीत म्हणजे दिवेही मातीत.

दिव्याच्या मागं स्क्रू असतो, तो फिरवला की उजेड वर उचलता येतो. याटोरने फिरवला तर आतलं प्लास्टिक उन्हाने पिकलेलं, त्याचा चुरा होऊन हातात आला. तो भाग एल्डोरेटला मिळेल, गुरुवारी घेऊन येतो, म्हणाला. ठोकळे काढणं अर्ध्या दिवसाचं काम, तेही गुरुवारीच करू.

तो शुक्रवार होता. रविवारी आंब्याची शेवटची खेप गेली. झाडं रिकामी झाली. मी बोटांवर सोम, मंगळ, बुध मोजले.

मंगळवारी रात्री शेळ्यांचं दार लावायला वाकले आणि पायांवरून गरम पाणी गेलं.

कोबिलोआजी आली. तिनं हात धुतले, मला चटईवर आडवं केलं, आत बघितलं आणि हात बाहेर काढून दिव्यापाशी धरला. बोटांना रक्त होतं. बोटं पदराला पुसली आणि कोमेनला म्हणाली की गाडी काढ.

त्याने आधी वर इस्पितळात फोन लावला. रुग्णवाहिका एका बाईला घेऊन एल्डोरेटला गेली होती, परत यायला पहाट होईल. मोटारसायकलचं नाव कोबिलोआजीने काढूच दिलं नाही. पलीकडच्या घरातून आलेल्या सासूबाईंनी चेबेतला आत नेलं. कोमेनने मागच्या बाकावर चादर घातली.  तो म्हणत होता, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश नेतो, सावकाश नेलं की झालं. मला नव्हे, स्वतःलाच सांगत होता.

दिवे लावले. उजेड अंगणातल्या उखळापर्यंत गेला आणि संपला.

कळ ओसरली तेवढ्यात मी म्हटलं, "ओझं घाला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पळत जाऊन शेळ्यांच्या कुंपणाचे दगड उचलायला लागला. दोन दगड डिकीत पडले तशी कोबिलोआजी म्हणाली, "वळणावर हे पुढं येतील. बाळंतिणीच्या डोक्यात दगड घालतोस का रे?"

मग तो नुसताच उभा राहिला, तिसरा दगड पोटाशी धरून.

आरडाओरडा ऐकून सेलिनाकाकू आली होती, तिच्या दोन्ही जावा मागं. काकू अंगाने एवढी की दारातून तिरकी जाते. काय भानगड आहे ते कोबिलोआजीने दोन शब्दांत सांगितलं. काकूने डिकी पूर्ण उघडली, एक गुडघा आत टाकला आणि गाडी कण्हली.

"आयुष्यभर सगळे म्हणतात सेलिना कमी खा," ती म्हणाली. "घ्या आता. काय गं, तुम्ही दोघी काय बघताय, या."

तिघी बसल्या. डिकीचं दार बंद होईना, दोरीने बांधलं. उजेड उठला, उखळावरून सरकला, कुंपण ओलांडून आंब्याच्या बुंध्यांवर गेला. कोमेनने दार ओढून घेतलं.

चढ सुरू झाला. मी कुशीवर पडले होते, डोकं कोबिलोआजीच्या मांडीवर. तिची मूठ माझ्या कमरेत रुतलेली. मला रस्ता दिसत नव्हता, समोरच्या काचेतून फक्त उजेड कशावर पडतो ते दिसत होतं. तांबडा खडक, निवडुंग, पुन्हा खडक. मग वळण आलं की खडक संपायचा आणि उजेड दरीवरून निघून जायचा. कशावरच पडायचा नाही. दोन श्वास तो तसाच हवेत असायचा आणि मी बोटं आवळून धरायची. मग दुसऱ्या बाजूने खडक यायचा.

मागं तिघी एकमेकींना धरून होत्या. एकीला उलटी झाली. काकू तिला दबक्या आवाजात रागावत होती की वजन बाहेर टाकू नकोस, आत ठेव. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच कळ आली.

चौथ्या वळणानंतर कोमेनने गाडी हळू केली आणि थांबवली. घाईने नाही, सावकाश. हॉर्न दिला. मी मान उचलून बघितलं. लांब, चाळीस पावलांवर, डांबरावर हिरवे डोळे चमकत होते, दहा-बारा जोड्या. शेळ्या कंटाळत उठल्या आणि बाजूला झाल्या. कोमेनने स्टीअरिंगवरचा एक हात काढून विजारीला पुसला.

चादर ओली होत होती. पाण्याने नाही, ते मला वासावरून कळलं. कोबिलोआजीलाही कळलं असणार, ती एकसारखी देवाशी काही तरी पुटपुटत होती आणि मधूनच माझ्या गालावर चापट मारून म्हणत होती की डोळे उघडे ठेव.

धबधब्याच्या वळणापाशी धुकं आलं.

आधी चिंध्या चिंध्या. मग एकदम. उजेड समोर गेला आणि तिथंच पांढरा होऊन अंगावर परत आला. कोमेनने ब्रेक दाबला. बॉनेटचं टोकसुद्धा दिसेना. डावीकडे दरी होती, ती दिसत नव्हती, पण तिच्यातून गार हवा दाराच्या फटीतून आत येत होती. तो उतरला, हाताने चाचपत पुढं गेला आणि त्याच्या चपलांचा आवाज चार पावलांवर नाहीसा झाला. 

परत येऊन तो दिव्यांसमोर वाकला, हात आडवा धरून वर-खाली केला. जमिनीपाशी धुकं विरळ होतं. हात खाली नेला की डांबर दिसत होतं आणि कडेची पांढरी रेघ दिसत होती.

"उजेड खाली पाहिजे," तो म्हणाला.

याचा अर्थ काय ते गाडीतल्या प्रत्येकीला कळलं. मागच्या तिघींना उतरावं लागणार होतं. तो डिकीपाशी जाऊन दोरीला हात लावून उभा राहिला. घरापासून सोळा वळणं वर, पुढं इस्पितळ दिवसा चाललं तरी तीन तासांच्या चालीवर, आणि या रस्त्याने रात्री भरलेले ट्रक खाली उतरतात.

"सोड दोरी," काकू म्हणाली.

"काकू, इथं?"

"मग कुठं? पुढच्या वळणावर खाट टाकून ठेवली आहेस का आमच्यासाठी?"

त्या उतरल्या. धाकटी जाऊ रडत होती, दात वाजत होते तिचे, खोऱ्यातल्या बाया आम्ही, थंडीची सवय नाही. काकूने अंगावरची शाल काढली आणि खिडकीतून कोबिलोआजीकडे दिली, माझ्या खाली घालायला. मला तिचा हात लागला. मी तो धरला. सोडायला हवा होता की धरून ठेवायला, मला अजून कळत नाही. तिनेच सोडवून घेतला.

गाडीचं नाक खाली गेलं. दिवे डांबरावर टेकले. पांढरी रेघ आठ पावलं दिसायला लागली आणि कोमेन त्या रेघेवर डोळे लावून निघाला. थोडा वेळ तिघी गाडीला हात लावून बरोबर चालल्या. मग चढ वाढला. मागच्या काचेतून मला टेललाइटच्या लाल उजेडात तीन चेहरे दिसत होते, मग दोन. मग नुसतंच लाल धुकं.

इस्पितळाच्या आवारात पोचलो तेव्हा मला पाय जाणवत नव्हते. मला चाकांच्या खाटेवर घातलं, छतावरचे दिवे डोळ्यांवरून सरकत गेले, कुणी तरी सुई टोचली, कुणी पोटावर दोन्ही हातांनी दाबलं. मूल कधी झालं ते मला नीट आठवत नाही. रडणं ऐकलं. मुलगा, म्हणाले. मग पुन्हा सुया, पुन्हा दाबणं, एक बाटली, दुसरी बाटली. शेवटी नर्सबाईने हातातलं फडकं बघितलं, मान डोलवली आणि म्हणाली की थांबलं.

मी पहिला प्रश्न विचारला तो मागं राहिलेल्या तिघींचा. कोबिलोआजी म्हणाली, तुला आत घेतल्याबरोबर कोमेन त्यांना आणायला गेला. मी विचारलं, त्याला किती वेळ झाला. तिनं खिडकीकडे बघितलं. बाहेर राखाडी झालं होतं.

अर्धा तास खाली, अर्धा तास वर. फार तर दीड. तो गेला होता तो अंधारात, आता उजाडत होतं. रिकामी गाडी घेऊन गेला होता.

मूल माझ्या छातीशी दिलं. ते तोंड शोधत होतं आणि मी खिडकी बघत होते. धुक्यात खिडकीबाहेरचं कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. आवारात एक ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरून कुणाशी तरी मोठ्याने बोलला आणि मी श्वास धरला. तो रस्ता विचारत होता. कोबिलोआजीने नाव काय ठेवायचं विचारलं, कुठल्या पूर्वजाचं, एकेक नाव घेत जायचं आणि बाळ ज्याला शिंकेल ते ठेवायचं, अशी आमची रीत. मी म्हटलं, त्या येईपर्यंत नाव नको. मग तीही खिडकीकडे तोंड करून बसली.

सूर्य वर आल्यावर त्या आल्या. पायी. दारातून काकू तिरकी आत शिरली, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांवर धुक्याचे थेंब, मागं दोघी जावा एकमेकींच्या लुगड्याचं टोक मुठीत धरून. रात्रभर तशाच चालल्या होत्या, आणि आता दिवस उजाडला तरी त्यांच्या मुठी उघडत नव्हत्या. नर्सबाई त्यांना बाहेर काढायला आली, मग तिनंच चहा आणला.

काकूने थोडक्यात सांगितलं. खडकाच्या कडेने चालल्या, एक हात खडकाला. एक ट्रक खाली आला तेव्हा गटारात आडव्या झाल्या, चाकांचं पाणी तोंडावर उडालं. बाकी काही नाही.

मी विचारलं, कोमेन कुठं.

 काकू चहात फुंकर मारत राहिली.

"तो आमच्या समोरून गेला," ती म्हणाली. "आम्ही हात केले, हाका मारल्या. हात लांब केला असता तर गाडीला लागला असता. त्याला दिसलो नाही पोरी."

मग आम्ही पाच बायका आणि ते मूल तिथं बसून राहिलो.

दहा वाजून गेले असतील. आवारात आमच्या गाडीचा आवाज आला, तो मला कुठंही कळतो. दार बराच वेळ उघडलं नाही. मग तो आला. वऱ्हांड्यातून येणारी पावलं कुणाला तरी वाईट बातमी सांगायला निघालेल्या माणसाची असावीत तशी. नंतर मला कळलं की त्या घरी परतल्या असतील म्हणून तो थेट खोऱ्यापर्यंत गेला होता, आणि परत येताना प्रत्येक वळणावर गाडी थांबवून, उतरून, कडेला पालथा पडून त्याने खाली दरीत बघितलं होतं. सोळाही वळणांवर. त्याच्या शर्टाची छाती चिखलाने काळी झाली होती, कोपरं सोलली होती.

तो दारात थांबला. माझ्याकडे नाही बघितलं. आधी काकूकडे, मग थोरल्या जावेकडे, मग धाकटीकडे. पुन्हा पहिल्यापासून.

"बाळ तिकडं आहे रे," काकू म्हणाली. "मुलगा झाला."

"हो," तो म्हणाला. "आधी तुम्हाला बघू द्या."